सिग्नलला जळणारं पेट्रोल आणि आपला उजवा पाय

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पेट्रोलच्या भावाबद्दल तुमच्या पेपरात वरचेवर पत्रं येतात आणि त्यातला राग बरोबरच आहे, २०२१ च्या मे महिन्यात आपल्या ठाण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून महिन्याचा खर्च बसवताना पहिलं नाव गाडीचंच निघतं. पण आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं, वरचा कर सरकार ठरवतं, त्यामुळे आपण कितीही लिहिलं तरी उद्या सकाळी पंपावर तोच आकडा दिसणार आहे. मला लिहायचंय ते जे आपल्या हातात आहे त्याबद्दल, म्हणजे खरं तर पायात आहे त्याबद्दल, आणि थोडं ट्रॅफिकची व्यवस्था बघणाऱ्यांबद्दल.

मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते आणि नोकरीला महापेला जाते. कापूरबावडी, माजिवडा, साकेत, कळवा पूल, विटावा, दिघा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. हा रस्ता ज्यांचा रोजचा आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. आमच्याच सोसायटीतले एक काका रबाळ्याला जातात. त्यांची गाडी माझ्याच मॉडेलची, पेट्रोलचीच, एखाद्या वर्षाचा फरक असेल, निघायची वेळही मागेपुढे तीच. माझ्या गाडीला शहरात १५-१६ चं अ‍ॅव्हरेज मिळतं आणि काकांना ११-१२ च्या वर कधी मिळत नव्हतं. त्यांचे प्लग बदलून झाले, एअर फिल्टर बदलून झाला, इंजेक्टर साफ करून झाले, पेट्रोल भरायचा पंपसुद्धा बदलून बघितला, गाडीतच काहीतरी दोष आहे अशी त्यांची पक्की खात्री झालेली. एकदा माझी गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली होती म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले आणि कारण समोरच दिसलं. सिग्नल सुटला की ते सेकंडवरच गाडी खेचणार, पुढे दोनशे मीटर मोकळं दिसलं की साठला नेणार, आणि पुढचा सिग्नल आला किंवा कामामुळे रस्ता निमुळता झाला की करकचून ब्रेक, परत पहिला गिअर, परत तेच, विटाव्यापर्यंत तेच. आणि वाटेत ज्या गाड्यांना मागे टाकलं त्यातल्या बहुतेक पुढच्या सिग्नलला आमच्या बाजूलाच येऊन उभ्या राहत होत्या.

याचा हिशोब एकदा मांडून बघावा असं मला फार वाटतं, कारण आकडा कळला की पाय आपोआप हलका पडतो. साधारण एक टनाची गाडी शून्यावरून ताशी ६० ला न्यायची तर तिला जी ऊर्जा द्यावी लागते ती पेट्रोल जाळूनच येते, आणि पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. हे धरलं तर एकदा साठला जायचा खर्च १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल, आजच्या भावाने दीड-दोन रुपये. ब्रेक मारून गाडी उभी केली की ते दीड-दोन रुपये ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेले, परत मिळत नाहीत. आता त्याच दोन सिग्नलच्या मध्ये गाडी ६० ऐवजी ४० पर्यंतच नेली तर? वेग दीडपट झाला की लागणारी ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. म्हणजे ४० वर राहणाऱ्याचा त्या एका थांब्याचा खर्च निम्म्याहून कमी, आणि पोचायची वेळ तीच, कारण वेळ आपला पिकअप ठरवत नाही, पुढचा लाल दिवा ठरवतो. घोडबंदर रोडवर असे थांबे किती ते ज्याने त्याने आपापल्या रस्त्यावर मोजावेत.

लाल झाल्यावर थांबावं तर लागणारच, मग करायचं एवढंच की लांबूनच पाय उचलायचा. पुढे लाल दिसतोय, पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट लागलेत, मग तिथपर्यंत रेस देत जाण्यात काय मिळतं? गाडी गिअरमध्येच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तिचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, तेव्हा चाकंच इंजिनला फिरवत असतात, आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, खाली हजार-बाराशेच्या आसपास येईपर्यंत पेट्रोल जवळजवळ शून्य जातं. पुढच्या गाडीपासून थोडं अंतर ठेवलं तरच हे जमतं. अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये घुसतो ही तक्रार मी रोज ऐकते. घुसू दे. एक गाडी मध्ये आली तर आपण एका गाडीइतके मागे राहिलो, त्यापेक्षा जास्त काही झालं नाही.

इथेच एक जुना समज जायला हवा. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं, असं अजूनही बापाकडून मुलाकडे शिकवलं जातं. कार्बोरेटरच्या जमान्यात, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात, ती सवय लागली कारण त्या गाड्यांत पाय उचलला तरी पेट्रोल पूर्ण तुटत नव्हतं. २००० च्या आसपास इंजेक्शनच्या गाड्या सगळीकडे आल्या आणि गणित उलटं झालं. आता न्यूट्रल केलं की इंजिन चालू राहण्यापुरतं पेट्रोल जातच राहतं, आणि गिअरमध्ये सोडली तर जात नाही. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जास्त जातं आणि गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जे मागे ओढून धरतं तो इंजिनचा ब्रेकही हातचा जातो. गायमुखच्या चढउतारावर ठीक आहे, निभावतं, पण कसारा किंवा बोरघाट न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी लागत नाही. काहीजण तर उतारावर इंजिनच बंद करतात. कृपा करून करू नका, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडलही दगडासारखं होतं.

आता उभ्या गाडीचं बोलू. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं चालू असलं तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेतं, एसी चालू असला तर त्याहून जास्त. येण्या-जाण्यात मिळून सिग्नलवर आणि वाट बघण्यात वीस मिनिटं उभं राहावं लागलं तर पाव लिटरच्या आसपास पेट्रोल जागच्या जागी जळलं, महिन्याचे कामाचे दिवस धरले तर पाचशे-सहाशे रुपये होतात. आणि पैशांबरोबर हवाही आहे, एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, बाकीचा विषारी धूर वेगळा, आणि तो धूर बाजूच्या बाइकवाल्याच्या, त्याच्या पुढ्यात बसलेल्या पोराच्या नाकात जातो. परत स्टार्ट करायला जास्त पेट्रोल लागतं असं म्हणणारे आहेत. गरम झालेलं इंजेक्शनचं इंजिन परत चालू करायला जेवढं लागतं तेवढं दहा सेकंद उभं राहण्यातच जळून जातं. तरी स्टार्टर आणि बॅटरीचा विचार करून मी स्वतः अर्धा मिनिट धरते, अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचंय हे माहीत असेल तर गाडी बंद. ट्रॅफिक इंच इंच पुढे सरकत असेल तेव्हा नाही, बॅटरी म्हातारी झाली असेल तेव्हाही नाही. नवीन गाड्यांमध्ये सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबला की चालू होण्याची सोय आलीय, ती कंपनीने विचार करूनच दिलीय, पण बरेचजण गाडीत बसल्या बसल्या पहिलं ते बटण बंद करतात याचं मला वाईट वाटतं.

हे सगळ्यात छान कोणाला जमतं माहितीये? आपल्या रिक्षावाल्यांना. तीन हात नाक्याला किंवा माजिवड्याला नीट बघा, मोठा सिग्नल लागला की कितीतरी रिक्षा बंद होतात, आणि आडव्या रस्त्याची वाहतूक थांबायला लागली की यांच्या रिक्षा चालू झालेल्या असतात, सिग्नल हिरवा होईपर्यंत तयार. कोणी शिबिर घेऊन शिकवलेलं नाही, गॅसचा खर्च रोज संध्याकाळी स्वतःच्या खिशातून जातो म्हणून ते शिकलेत. कारवाल्यांना तो खर्च महिन्याच्या शेवटी कार्डाच्या बिलात दिसतो, तोपर्यंत कुठे काय गेलं ते लक्षात राहत नाही.

पण संपादक साहेब, रिक्षावाल्याची नजर सगळ्यांकडे नसते. नवीन चालवणारी मुलगी, वयस्कर माणूस, यांना मागून हॉर्न वाजायची भीती असते आणि त्या भीतीने गाडी चालूच ठेवली जाते. किती सेकंद उरलेत हे डोळ्यासमोर दिसलं तर कोणीही बिनधास्त बंद करेल. माझी पहिली मागणी म्हणूनच टायमरची आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या सिग्नलवर उलटे सेकंद मोजणारा टायमर असावा आणि तो चालू असावा, बसवून नंतर महिनोन् महिने काळा पडलेला नको. जिथे गर्दीप्रमाणे सिग्नलची वेळ बदलते तिथे टायमर जमत नाही असं सांगितलं जातं, ते समजण्यासारखं आहे, पण मग निदान शेवटच्या काही सेकंदांची सूचना तरी देता येईल. दुसरी मागणी, एका रस्त्यावरचे लागोपाठचे सिग्नल एकमेकांशी जुळवून घ्यावेत, म्हणजे ४०-४५ ने शांतपणे जाणाऱ्याला एक हिरवा मिळाला की पुढचाही हिरवा मिळेल. त्यात पेट्रोल वाचतंच, शिवाय पळवणाऱ्यांना पळवून काही फायदा नाही हे रस्ताच शिकवतो.

स्पीड ब्रेकरचंही तेच. मी स्पीड ब्रेकरच्या विरोधात अजिबात नाही, शाळेसमोर, सोसायटीच्या गल्लीत हवेतच, पोरं रस्त्यावर येतात. पण त्याचं माप ठरलेलं आहे, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, त्यावरून गाडी ताशी २५ ने अलगद जाते. आपल्याकडे डांबराचा अरुंद ढिगारा किंवा रबराची पट्टी ठोकतात, मग गाडी पूर्ण थांबवून फर्स्टला घ्यावीच लागते, आणि असे दर शे-दोनशे मीटरवर असले की दिवसभरात हजारो गाड्या तिथे पुन्हा पुन्हा शून्यातून वेग घेतात. खड्ड्यांबद्दल तर लिहून लिहून सगळ्यांचे हात दुखले, फक्त एवढंच की खड्डा नुसती कंबर आणि सस्पेन्शन मोडत नाही, पेट्रोलही पितो, हे त्या चर्चेत कुणी धरत नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून मांडायचीय आणि ती ड्रायव्हर लोकांची आहे. ऐरोली, घणसोली, महापे, तिकडे आयटी पार्कच्या बाहेर दुपारी जाऊन बघा, किंवा आपल्याकडच्या मोठ्या टॉवरच्या पॉडियम पार्किंगमध्ये, ओळीने गाड्या उभ्या आणि आत ड्रायव्हर एसी लावून झोपलेला. लोक त्यांना नावं ठेवतात. मे महिन्यात बंद गाडीत बसून बघा म्हणजे कळेल तो एसी का चालू आहे. त्या माणसाला साहेबांची मीटिंग संपेपर्यंत तीन-चार तास काढायचे असतात, बसायला बाक नाही, पंखा नाही, पाणी नाही, टॉयलेट विचारलं तर वॉचमन हाकलतो. एक खोली द्या, दोन पंखे, बाकडी, पाण्याचा कूलर, मोबाइल चार्ज करायला जागा. गाड्या आपोआप बंद होतील. एका खोलीचा खर्च तिथे रोज जळणाऱ्या पेट्रोल-डिझेलपुढे काहीच नाही, आणि तो माणूस थोडा माणसासारखा बसेल. ज्या सोसायट्यांमध्ये क्लब हाउस आणि स्विमिंग पूल आहे त्यांना हे अवघड नाही. आमच्या सोसायटीत मी हा विषय मांडलाय आणि मंजूर होईपर्यंत मांडत राहणार आहे.

बाकीच्या गोष्टी लोकांना माहीत असतात पण केल्या जात नाहीत म्हणून भराभर लिहिते. टायरमधली हवा पंपावर फुकट मिळते, ती पंधरा दिवसांनी तरी बघावी, टायर थंड असताना, आणि सगळ्यांना सरसकट ३५ टाका असं न सांगता ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आपल्या गाडीचा जो आकडा आहे तोच सांगावा. हवा कमी असली की गाडी जड चालते, पेट्रोल जास्त जातं आणि टायरही कडेने झिजतो. नायट्रोजनसाठी पैसे देऊन अ‍ॅव्हरेज वाढत नाही, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. सकाळी गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं पार्किंगमध्ये गरम करत ठेवायची आजच्या इंजिनला गरज नाही, अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू न्यावी. चढावर क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवू नये, कळव्याच्या पुलाच्या चढावर कितीतरीजण तसंच उभे असतात, हँडब्रेक त्यासाठीच आहे. एसी बंद करून घामाघूम होऊन धुरात बसायला मी कोणाला सांगणार नाही, उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी दोन मिनिटं उघड्या ठेवून गरम हवा घालवली आणि मग एसी २४-२५ ला ठेवला तर पुरे. ऑनलाइन मिळणारी चुंबकं आणि पेट्रोलच्या पाइपला लावायची यंत्रं यांच्या नादाला लागू नये, अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेने असली शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि मायलेज लक्षात येण्याइतकं वाढवणारं एकही सापडलं नाही. दुधाच्या पिशवीसाठी गाडी काढू नये, थंड इंजिन सगळ्यात जास्त पितं.

हायवेवर हिशोब वेगळा, तिथे थांबे नाहीत पण वारा आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आपल्या भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, आता ठाणेकर शिर्डीला सर्रास तिथून जातात, आणि १२० ची परवानगी आहे म्हणून १२० नेच जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १२० ने गेलं की इथेही तो सव्वादोन पट. शंभर किलोमीटरला ८० ने सव्वा तास लागतो आणि १२० ने पन्नास मिनिटं, पंचवीस मिनिटं वाचली हे खरं, पण पेट्रोलचा काटा किती पडला तेही बघावं. ९० च्या आसपास धरून डाव्या लेनमधून गेलं तर मधला मार्ग निघतो. वर कॅरियर लावलेला असेल आणि रिकामा असेल तर काढून ठेवावा, तो नुसता वारा अडवतो.

इथेनॉलबद्दल सध्या खूप बोललं जातं म्हणून तेही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज थोडं खाली येणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६-७ टक्के घट लिहिलेली आहे. यावर राग काढायचा तो काढावा, पण ११ आणि १५ च्या अ‍ॅव्हरेजमधला फरक इथेनॉलने पडत नाही. आणि आपलं खरं अ‍ॅव्हरेज स्क्रीनवर बघू नये, टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत पहिल्या कटपर्यंत, म्हणजे नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, फुल करायची आणि मधल्या किलोमीटरला टाकलेल्या लिटरने भागायचं. आमच्या काकांना मी हेच करायला लावलं, पाय हलका केल्यावर त्यांचं १४ च्या वर गेलं, गॅरेजला परत न जाता.

शेवटी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर रोज एक छोटी चौकट द्या, वाचकांनी आपल्या भागातल्या ज्या सिग्नलवर टायमर नाही किंवा बंद पडलाय त्याचं नाव आणि लाल दिव्याचे सेकंद मोजून कळवावेत आणि तुम्ही ते छापावेत. कासारवडवली ते कळवा नाका इथल्या सिग्नलची यादी मी करायला घेतलीय, या आठवड्यात पाठवते.

आपली विश्वासू,
एक वाचक, कासारवडवली, ठाणे पश्चिम